बालदी, चावी, साबण

वरच्या खोल्या मी त्यांना अकरा महिन्यांच्या करारावर दिल्या.
डिचोली ठाण्यात सी फॉर्म भरायला गेलो,
'व्यवसाय' या रकान्यापुढे हवालदार अडला.
बाई, मिशनरी म्हणजे काय लिहू?
म्हटलं, पासपोर्टावर आहे ते लिही.
माझाच विद्यार्थी,
चौथीपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ न सुधारलेला.

तिचं नाव लिहायचं रोझिलेइदे,
म्हणायचं होझिलेजी.
शेवटचं जी आयतंच आलेलं,
ते मासळीवाल्यांनी काढून टाकलं, नुसती होझी ठेवली.
धाकटी थाईस, आळीत तिची ताई झाली.
पाच वर्षांची, पुढचे दात पडलेली,
सत्तरीची माणसं हाक मारतात, ए ताई,
आणि ती ओ देते.

पहाटे पावणेपाचला नळाला पाणी येतं.
मी खालून छताला काठी मारते, दोनदा.
वर बालद्या वाजू लागतात.
मग एदिवाल्दोची प्रार्थना, हळू, नाकातून,
मग पोदेराचा भोंपू,
मग कावांचा युनिफॉर्म, डबा, रडारड.
देवाचं काम करणाऱ्या घरातही
मोजा एकच सापडतो.

दहाला ती वही घेऊन उतरते.
पहिल्या दिवशी मी वस्तू दाखवत गेले.
साबण. ती हसली: सबाऊं.
चावी. शावी.
बालदी. बाउजी, म्हणाली,
आणि माझ्या हातून ती घेऊन पोटाशी धरून उभी राहिली,
माहेरचं कोणी भेटावं तशी.

चैत्रात कुंपणापलीकडच्या झाडाखाली
मी तोंड उघडण्याआधीच तिने म्हटलं, काजू.
हे झाड आमच्याकडचं.
मी म्हटलं, आता आमचं.
संध्याकाळी भट्टीचा वास आला.
त्यांच्यात दारू वर्ज्य. एदिवाल्दोने जनेल लावून घेतलं.
ती उठली, तिने उघडलं.

रविवारी बारा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात.
भरतात चार, फार तर पाच. एकीवर मांजर.
पंच विचारून गेला, बाटवतात का कोणाला?
म्हटलं, बाटतायत ती फक्त माझी क्रियापदं.
तो हसत गेला.
मला मात्र त्या रात्री झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवून तिला सांगितलं,
आमचा देव मूळचा नदीपलीकडचा.
तुझ्या या सबाऊं-शावीची भाषा बोलणारे आले,
तेव्हा आमच्या माणसांनी त्याला रात्री होडीत ठेवलं,
वरून गोणपाट टाकलं.
ती बराच वेळ गप्प.
मग विचारलं, शब्द जुळवत:
त्या रात्री पाऊस होता?
इतक्या पिढ्यांत आमच्यात हे कोणी विचारलं नव्हतं.

एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिने प्रार्थना केली.
मी पाय काढून घेतला नाही.
गुडघा दुखतोच आहे.

श्रावणात तिची आई गेली, तिकडे, रेसिफेजवळ.
दफन फोनवर पाहिलं, इथल्या मध्यरात्री.
नेट तुटत होतं,
माती अर्धी पडलेली, तिथेच थांबलेली.
मी पेज आणि करमलाचं लोणचं वर नेऊन ठेवलं.
पावणेपाचला काठी मारावी की नाही, कळेना.
मारली नाही.
तरी बालद्या वाजल्या.

दहाला ती वही घेऊन उतरली.
आम्ही अजून वर्तमानकाळातच होतो, धडा सहावा.
माझी आई शिवणकाम करते.
माझी आई दूर राहते.
दोन्ही वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढून
तिने वही माझ्याकडे सरकवली.
चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे मी हे,
आहे, होती, करते, करायची,
खडू कधी अडला नाही.
मी खोडरबर शोधत राहिले, तो समोरच होता.

वरून ताई ओरडली,
मोजा सापडला,
पण ओला आहे.